सासरे, मी आणि क्विल्टचे चौकोन

मी अमेरिकेत आले ती २००१ साली, सहा महिन्यांची लेक कडेवर घेऊन. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को म्हणून गाव आहे, तिथे आम्ही घर भाड्याने घेतलं. तेव्हा ते गाव निम्मंच बांधून झालं होतं. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे एका महिन्यात गाई चरत असायच्या, आणि पुढच्या महिन्यात तिथेच लाकडी घरांचे सांगाडे उभे दिसायचे. माझा व्हिसा डिपेंडंट, त्यामुळे नोकरी करायची मुभा नव्हती. पुण्यात मी कॉलेजात शिकवत होते. इथे लेकीला झोपवायचं, उठवायचं आणि नवरा ऑफिसमधून यायची वाट बघायची.

लेक जरा मोठी झाल्यावर तिला लायब्ररीतल्या गोष्टीच्या तासाला न्यायला लागले. एकदा ती पुढच्या खोलीत रमली, म्हणून मी मागे फिरत गेले. तिथे एका लांबलचक टेबलाभोवती सात-आठ अमेरिकन आज्या क्विल्ट शिवत बसल्या होत्या. मी दारातच थबकले. टेबलावर कापडाचे त्रिकोण होते, चौकोन होते, दुसरं काहीच नव्हतं. त्यातलीच एक आजी ते त्रिकोण एकमेकांना जोडत होती आणि बघता बघता तिच्या हाताखाली आठ टोकांची चांदणी तयार झाली. कुठे गोलाई नाही, कुठे चित्र नाही, आणि तरी ती चांदणी गरगरा फिरतेय असं वाटत होतं. मी इतकी डोळे विस्फारून बघत होते की त्या आजीने शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस."

मी बसले, ती बसलेच.

गोधडी मला नवी नव्हती. आमच्या घरीही जुन्या लुगड्यांच्या, चादरींच्या गोधड्या होत्या. पण इथे कोरं करकरीत कापड विकत आणायचं, त्याचे मुद्दाम तुकडे करायचे आणि तेच पुन्हा जोडायचे. पहिल्यांदा नव्या कापडाला कातर लावताना माझा हात अडला होता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "धडधाकट कापड फाडायचं आणि परत शिवायचं? तिकडे याला छंद म्हणतात होय?"

नवऱ्याला गाडी चालवायचं वेड. लाँग वीकएंड आला की तो नकाशा उघडून बसायचा. मी एका छोट्या पिशवीत कापलेले तुकडे, सुया, दोरा, बोथट कातर असं सगळं भरून घ्यायचे आणि गाडीत हाताने ब्लॉक शिवायचे. एका सहलीचा एक ब्लॉक. ब्लॉक म्हणजे क्विल्टचा एक चौकोन. असे पुष्कळ चौकोन जोडले की क्विल्ट. गॅल्व्हस्टनच्या समुद्राचा मळकट निळा-करडा, कारण तिथला समुद्र खरंच तसा आहे. आर्कान्सामधल्या डोंगरांचा हिरवा, एकावर एक. घाटरस्ता आला की सुई बोटात शिरायची, म्हणून तेवढ्यापुरतं क्रोशाचं काम काढायचे. लेकीने पाइनच्या वाळक्या काड्या गोळा केल्या तर त्यांचीच टोपली विणायला बसायचो आम्ही. ती टोपली नेहमी एका बाजूला कलायची.

२००६च्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याने बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नागपूरहून आमच्याकडे आणलं.

बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे त्यांनी आयुष्यभर हाताने काढले. माणूस अतिशय शांत. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "जेवण झालं का?" आणि "चहा ठेवतेस का?" एवढंच. सासूबाई होत्या तोवर आमच्यातलं निरोप्याचं काम त्याच करायच्या. त्या गेल्यावर तेवढंही थांबलं. फ्रिस्कोत ते खिडकीपाशी बसून असायचे. एकदा आमच्या कॉलनीला फेरी मारून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "घरं तर पुष्कळ आहेत बाप्पा. माणसं कुठे ठेवून राहिले हे लोक?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

जुलैमध्ये आम्ही मोठ्या सहलीला निघालो. टेक्ससच्या वरच्या टोकातून न्यू मेक्सिको, तिथून कोलोरॅडो आणि शेवटी ग्रँड कॅन्यन. नवऱ्याने बाबांसाठी पुढची सीट ठेवली होती, पण अर्ध्या तासात त्यांनी ती सोडली. "पुढे बसलं की माझाच पाय ब्रेक दाबून राहिला," म्हणाले. मग व्हॅनच्या मधल्या सीटवर ते आणि मी, आणि मागे लेक तिच्या पुस्तकांच्या पसाऱ्यात.

ॲमरिलोच्या अलीकडे जमीन इतकी सपाट होते की आभाळ सगळीकडून जमिनीपर्यंत खाली येतं. दूरवर एखादी मालगाडी दिसते, तिचं इंजिन आणि शेवटचा डबा दोन्ही एकाच वेळी, आणि मधे वाटेल तेवढी जागा शिल्लक. बाबा त्या गाडीकडे बघत होते. मी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते आणि व्हॅन हलली की दोरा चुकत होता.

"सुई दे इकडे," बाबा म्हणाले.

त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई खिडकीच्या उजेडात धरली आणि एका झटक्यात ओवून माझ्या हातात दिली.

"तुझ्या सासूची सुई मीच ओवायचो," ते म्हणाले.

"त्यांना दिसायचं नाही का नीट?"

"सगळं दिसायचं." ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. "पण सुई माझ्याकडेच द्यायची."

नवऱ्याने आरशातून एकदा मागे पाहिलं. मी शिवत राहिले, आणि दोरा संपला की न बोलता सुई त्यांच्यापुढे धरायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला ब्लॉक निरखून पाहिला. "हा कोन किती अंशांचा?"

"पंचेचाळीस."

"नाही. थोडा कमी आहे. म्हणून टोक जुळत नाहीये." आणि मोटेलच्या खोलीतल्या कागदावर त्यांनी पट्टीशिवाय मला तो कोन काढून दाखवला. तिथून सुरुवात झाली. न्यू मेक्सिकोतले सपाट माथ्याचे लाल डोंगर बघून त्यांनी माझ्यासाठी पहिला ब्लॉक आखला. सरळ रेषांचा, माझ्या शिवण्याला झेपेल असा. मी लाल कापड वर लावलं तर म्हणाले, "जड रंग खाली घे. वर घेतला तर डोंगर तरंगल्यासारखा दिसतो." लग्नाला दहा वर्षं होत आली होती, आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवरून वाद घालत होतो. मला फार बरं वाटत होतं.

कोलोरॅडोत डोंगरातल्या एका छोट्या गावी आम्ही जेवायला म्हणून थांबलो. मुख्य रस्ता गाड्यांना बंद होता, म्हणून व्हॅन लांब लावून चालत निघालो. कोपऱ्यावर वळलो आणि चौघेही उभे राहिलो.

अख्ख्या गावाने क्विल्ट बाहेर टांगल्या होत्या. पोस्टाच्या भिंतीवर, बेकरीवर, अग्निशामक दलाच्या लाल दारावर, दुमजली दुकानांच्या कठड्यांवरून, रस्त्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ताणलेल्या तारांवर. वारा आला की सगळ्या एकदम पोट फुगवायच्या आणि एकदम खाली बसायच्या. मागे बर्फाची टोपी घातलेला डोंगर, आणि त्याच्यासमोर हे एवढे रंग. मी पाच-सहा वर्षं क्विल्ट शिवत होते. पण टेबलावर एक चौकोन पाहणं वेगळं आणि हे वेगळं. यातला प्रत्येक टाका कोणीतरी स्वयंपाक उरकून, मुलं झोपवून, गुरांचं करून घातलेला होता. किती बायका, किती संध्याकाळी!

"वॉव," लेक म्हणाली.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते एकेका क्विल्टपुढे थांबायला लागले. हात लावू नये अशा पाट्या होत्या, पण त्यांना तशी पाटी लागलीच नसती. बऱ्याच वेळाने ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, या बायका नकाशे काढतात."

धान्याच्या जुन्या सुती पोत्यांची छापील कापडं जोडून केलेली एक तपकिरी क्विल्ट होती, ठिगळांवर ठिगळं लावलेली. तिच्यापुढे ते सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले. "ही तर आपली वाकळ," म्हणाले.

आणि मग वारा फिरला. डोंगरामागून काळं आभाळ इतक्या वेगाने आलं की उन्हातून सावलीत कधी गेलो ते कळलं नाही. शेजारच्या गाडीच्या टपावर टण्णकन काहीतरी वाजलं. गार. मग दुसरी. कोणीतरी ओरडलं, आणि हात न लावण्याचा नियम त्या क्षणी संपला. दुकानांतून, घरांतून माणसं धावत बाहेर आली. बेकरीतल्या पीठ लागलेल्या एका बाईने तारेवरची क्विल्ट ओढून माझ्या हातांत कोंबली. "चर्चमध्ये! चर्चमध्ये न्या!"

मी पळाले. नवरा उंच, तो कोणाच्या तरी शिडीवर चढून वरच्या क्विल्ट सोडवायला लागला होता. त्याला ना कोणी विचारलं होतं, ना त्याने कोणाला. लेक बाहुल्यांच्या इवल्या क्विल्ट छातीशी धरून माझ्यामागे धावत होती. चर्चच्या हॉलमध्ये ओझं टाकून मी परत फिरले तर भर रस्त्यात बाबा दिसले. गारांचा मारा चालू होता. त्यांनी अंगातलं जाकीट काढून ती तपकिरी वाकळ त्यात गुंडाळली होती, आणि स्वतः उघड्या डोक्याने, सत्तरी ओलांडलेले, ब्लडप्रेशरची गोळी घेणारे, चक्क धावत होते.

"बाबा, डोक्यावर घ्या ती!"

"ओली होईल ना!" ते ओरडले. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

हॉलचं छप्पर पत्र्याचं होतं. आत शे-दीडशे माणसं आणि कमरेएवढे क्विल्टांचे ढीग, आणि वर गारांचा असा कडकडाट की कोणाला कोणाचं ऐकू येईना. सगळे नुसते एकमेकांकडे बघून हसत होते. केस निथळताहेत, धापा टाकताहेत आणि हसताहेत. बाबांच्या कपाळावर एक टेंगूळ आलं होतं. त्यांच्या ते गावीही नव्हतं.

मग गारा एकाएकी थांबल्या. त्या शांततेत, रबरी बूट घातलेली एक उंच, पांढऱ्या केसांची बाई ढिगापाशी गेली. तिने एका मोठ्या क्विल्टची दोन टोकं उचलली आणि दुसऱ्या बाजूला कोण आहे म्हणून मान वर केली. दुसरी दोन टोकं बाबांनी उचललेली होती.

दोघं मागे सरकले, कापड ताणलं, झटकलं. टोकाला टोक लावलं. मग चालत एकमेकांसमोर आले. बाबांनी आपली टोकं तिच्या हातांत दिली, वाकून खालची घडी उचलली, पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. घडी झाली. तिने ती बाकावर ठेवली आणि दुसरी उचलली. मी बघत राहिले. एकमेकांपासून हजारो मैलांवरची दोन माणसं, आणि पावलांचा हिशोब कोणालाच शिकवावा लागला नव्हता.

काही घड्यांनंतर ती म्हणाली, "तुम्ही हे आधी पुष्कळ वेळा केलंय."

"चाळीस वर्षं," बाबा इंग्रजीत म्हणाले. "बायकोबरोबर."

तिने एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मान हलवली. आणि पुढच्या क्विल्टची दोन टोकं त्यांच्यासमोर धरली.

ओल्या क्विल्ट बाकांवर पसरल्या गेल्या. कोणीतरी कॉफी आणली, कोणी दालचिनीचे गोड रोल. त्या तपकिरी वाकळीचा एक कोपरा ओढाताणीत फाटला होता. बाबा अपराधी चेहऱ्याने तिच्या मालकिणीकडे गेले, तर ती म्हातारी खळखळून हसली. "ही माझ्या आजीपासून फाटतेच आहे. आणखी एक ठिगळ!"

हॉलच्या कोपऱ्यात एका लाकडी चौकटीवर एक क्विल्ट ताणलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांनी तिच्यावर चार टाके घालायचे अशी पद्धत. सगळ्या वयस्क बायका, चष्मे गारांनी ओले झालेले, सुया कोणाला ओवता येईनात. मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांकडे द्या." बाबांनी घडीच्या खुर्चीवर बैठक मारली. सुया येत गेल्या, ते ओवत गेले. थोड्या वेळाने बायका रांगेने उभ्या राहून त्यांच्याशी गप्पा मारायला लागल्या आणि बाबा त्यांना गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांबद्दल सांगायला लागले. पुरतं कळत कोणालाच नसावं. त्या उंच बाईने त्यांना सुई दिली. "आता तुम्ही शिवा." बाबांनी मान हलवली. "मला फक्त ओवता येतं."

संध्याकाळी मोटेलच्या अंगणात आम्ही घरून आणलेली दशमी आणि चटणी खात होतो. डोंगर धुतल्यासारखा झाला होता. मी धीर करून म्हणाले, "आज आई हव्या होत्या."

"ती घडी करताना मुद्दाम टोक सोडायची," बाबा म्हणाले. "म्हणजे मला चालत तिच्यापर्यंत जावं लागायचं, उचलायला." आणि मग ते बोलायला लागले. सासूबाईंबद्दल, एकेक गोष्ट आठवून आठवून. नवरा घास हातात धरून ऐकत होता. त्यातलं अर्धं त्यालाही ठाऊक नव्हतं.

ग्रँड कॅन्यनला पोचलो ती सकाळची वेळ होती. मी फोटो पुष्कळ पाहिले होते, म्हणून मनात फारसं कुतूहल नव्हतं. झाडांतून चालत गेलो, आणि झाडं संपली, आणि जमीनही संपली. तिथे काय होतं ते सांगायला मला आजही धड जमत नाही. डोळ्यांना पहिल्यांदा कळतच नाही की समोर जे आहे ते किती लांब आहे. एक पक्षी आमच्या पायांच्या खाली, खूप खोलवर उडत होता, आणि त्याच्याही खाली तेवढंच सगळं उरलं होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. मनात जे होतं तो आनंदही नव्हता, दुःखही नव्हतं.

लेकीने तळातली नदी शोधून काढली. "दॅट टायनी लाइन? तिने हे सगळं केलं?"

"हो, तिनेच केलं," बाबा म्हणाले.

माझे ब्लॉक आखायची त्यांची वही बगलेत होती. ती त्यांनी उघडली नाही. बऱ्याच वेळाने बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. समोरच्या कड्यांवर लाल, पिवळे, करडे थर एकाखाली एक, मैलोन्‌मैल सरळ गेलेले. "आयुष्यभर मी कंटूर काढले," ते म्हणाले. "सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. जमिनीवर ती नसते, आपण कागदावर मानून घ्यायची. असं मीच नवीन पोरांना शिकवायचो." त्यांनी समोर हात केला. "आणि इथे बघ. आधीच काढून ठेवल्यात."

दुपार होईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

फ्रिस्कोला परतल्यावर मी दिवाणखान्याच्या कार्पेटवर सगळे ब्लॉक मांडले. कॅन्यनचा तेवढा राहिला होता. लाल-नारिंगी पट्ट्या जोडून पाहिल्या. बाबांनी मान हलवली. वेगळे रंग घेतले. पुन्हा मान हलली. "चौकोनात नाही बसायचं ते," ते म्हणाले. मग दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे मांजरपाट आहे का? साधा, न धुतलेला?"

होता. लायब्ररीतून त्यांनी कॅन्यनचा उंचसखल दाखवणारा नकाशा मिळवला, पण पेन्सिलने रेषा काढल्या त्या पुष्कळशा आठवणीतूनच. मग विटकरी दोरा घेतला, सुई ओवली. सवयीने मी हात पुढे केला. त्यांनी ती मला दिली नाही. स्वतःच टाका घातला.

पहिले टाके ओबडधोबड, एक लांब, एक आखूड. पण धावदोऱ्याच्या रेषा वाढत गेल्या तसा हात बसत गेला. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, खिडकीपाशी तीच खुर्ची, मांडीवर तो चौकोन. रेषेच्या आत रेषा, कुठे दाट, कुठे विरळ. जिथे कडा सरळ तुटलेला तिथे दोऱ्याला दोरा चिकटलेला. टाक्यांनी कापड आवळलं जाऊन मधे खरोखरच खोलगट झालं. लेक शाळेतून आली की त्यावरून बोट फिरवायची आणि विचारायची, "आपण कुठे उभे होतो?" ते दर वेळी तिचं बोट धरून नेमक्या जागी ठेवायचे.

एका बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर लायब्ररीत आले. मला पहिल्या दिवशी खुर्ची देणाऱ्या आजीने तो चौकोन हातात घेतला. डोळे मिटून तिने तळवा त्यावरून सावकाश फिरवला, जणू वाचतेय. आणि बाबांसाठी खुर्ची ओढली. नोव्हेंबरमध्ये नागपूरला परत जाईपर्यंत त्यांनी एकही बुधवार चुकवला नाही.

क्विल्ट मी २००८च्या वसंतात पूर्ण केली. ती लेकीच्या पलंगावर आहे. जपून वगैरे ठेवलेली नाही. तिकडे बाबांनी एका जुन्या सुती चादरीवर, नोकरीतल्या पहिल्या धरणाचा नकाशा शिवायला घेतला. "सोसायटीतल्या बायका म्हणतात, आजोबांना काय झालं बाप्पा," ते फोनवर सांगायचे आणि हसायचे. पाण्यासाठी निळा घेऊ की करडा, गाठ मागे मारू की थरांत लपवू, असे त्यांचे प्रश्न असायचे. रविवारी सकाळी फोन वाजला की नवरा उचलायचा, तब्येतीची दोन वाक्यं बोलायचा, आणि रिसीव्हर माझ्याकडे देत म्हणायचा, "घे. तुझ्यासाठी आहे."